एक जानेवारी ते पाडवा : पहिल्यांदाच संकल्प करणाऱ्यांसाठी

नवीन वर्षाचे संकल्प टिकत नाहीत यावरचे विनोद डिसेंबरच्या शेवटच्या आठवड्यात व्हॉट्सअ‍ॅपवर फिरायला लागतात. गंमत अशी, की हे विनोद पुढे ढकलणाऱ्या घरातच कोणीतरी चातुर्मासाचा नेम चार महिने बिनबोभाट पाळलेला असतो. आजीने वांगं सोडलेलं असतं, काकूंचे सोळा सोमवार चाललेले असतात, शेजारचे आजोबा वर्षानुवर्षं एकादशी चुकवत नाहीत. या मंडळींची इच्छाशक्ती आपल्या दसपट आहे असं मला वाटत नाही. त्यांचा नेम नीट बांधलेला असतो. तो कधी सुरू होणार आणि कधी संपणार हे ठरलेलं असतं, काय चालतं आणि काय चालत नाही हे ठरलेलं असतं, आजारपणाला सवलत असते आणि शेवटी उद्यापन असतं. ‘या वर्षी फिट व्हायचं’ या वाक्यात यातलं काहीच नाही.

देवाधर्मावर विश्वास असो वा नसो, ही बांधणी उसनी घ्यायला कोणाची हरकत नसावी. या वर्षी पहिल्यांदाच गंभीरपणे संकल्प करणार असाल, तर पुढच्या क्रमाने जा.

१. यादी करा, मग तिची वाटणी करा

मनात आहे ते सगळं कागदावर उतरवा. वजन, चहातली साखर, मोबाइल, वाचन, बचत, इंग्रजी बोलणं, दात दाखवून येणं, मृत्युपत्र, गावी आईला फोन, सिगारेट. लाजू नका, यादी कोणी बघणार नाही. मग तिचे तीन ढीग करा.

पहिल्या ढिगात एकदाच करायची कामं जातील. दात, डोळे, रक्तातली साखर तपासणं, बँकेच्या खात्याला नॉमिनी लावणं ही कामं संकल्पाच्या यादीत उगाच घुसतात आणि वर्षभर अपराधी वाटायला लावतात. त्यांना निश्चयाची गरज नाही, तारखेची आहे. जानेवारीतले दोन शनिवार त्यांना देऊन टाका. मृत्युपत्राचंही तसंच. ते साध्या कागदावर करता येतं, दोन साक्षीदारांच्या समोर सही लागते आणि त्यांच्याही सह्या लागतात. नोंदणी सक्तीची नाही, केलेली बरी.

बचतसुद्धा याच ढिगात टाका, हे बऱ्याच जणांना पटत नाही. ‘दर महिन्याला पैसे बाजूला काढीन’ असं ठरवलं, की तो निर्णय वर्षातून बारा वेळा घ्यावा लागतो. पगाराच्या दुसऱ्या दिवशी खात्यातून रक्कम आपोआप वळती होईल अशी सूचना बँकेला दिली, की एकदाच घ्यावा लागतो. पोस्टाचं आवर्ती ठेव खातं महिना शंभर रुपयांपासून उघडता येतं आणि ते पाच वर्षांचं असतं. रक्कम किती हा प्रश्न नंतरचा.

दुसरा ढीग व्यसनांचा. तंबाखू, गुटखा, सिगारेट, दारू. ही मंडळी कागदावरच्या नेमाला भीक घालत नाहीत, मदत लागते आणि मदत घेण्यात कमीपणा नाही. तंबाखू सोडण्यासाठी सरकारची मोफत दूरध्वनी सेवा आहे, क्रमांक १८००-११-२३५६. रोज भरपूर दारू पिणाऱ्याने तर ३१ डिसेंबरच्या रात्री ‘उद्यापासून बंद’ अशी शपथ घेऊ नये. शरीराला सवय झालेली असताना दारू एकदम तोडली तर झटके येण्यापर्यंत गोष्ट जाऊ शकते. आधी डॉक्टर, मग तारीख.

उरलेला तिसरा ढीग रोज किंवा ठरावीक वारी करायच्या गोष्टींचा. चालणं, वाचन, फोन लांब ठेवणं, साखर कमी करणं, वेळेवर झोपणं. संकल्प यातून निवडायचा, आणि एकच निवडायचा. दोन नाही. कोणता? घरी पाहुणे आलेत, लोकल उशिरा आहे, डोकं दुखतंय, अशा दिवशीही जो पार पडेल तो. ऐकायला भारी वाटतो तो नको. आणि जोडीदाराने सुचवलेला तर मुळीच नको, त्यात भांडणाची सोय तयारच असते.

२. मुदत वर्षाची नको

संकल्प वर्षभराचा करू नका, गुढीपाडव्यापर्यंतचा करा. या लेखातली एकच गोष्ट घ्यायची असेल तर ही घ्या.

पाडवा मार्चच्या मध्यापासून एप्रिलच्या मध्यापर्यंत कधीतरी येतो. २०२६ मध्ये तो १९ मार्चला आहे, म्हणजे १ जानेवारीपासून मोजला तर ७८ वा दिवस. २०२७ मध्ये ७ एप्रिलला, म्हणजे ९७ वा. हा काळ योगायोगाने अगदी सोयीचा आहे. ‘२१ दिवसांत सवय लागते’ हे तुम्ही ऐकलं असेल, त्याला फारसा आधार नाही. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजात फिलिपा लॅली आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ९६ जणांना प्रत्येकी एक छोटी सवय निवडायला लावली आणि बारा आठवडे त्यांची नोंद ठेवली. ती सवय विचार न करता आपोआप घडू लागायला मधल्या माणसाला ६६ दिवस लागले. कोणाला १८ पुरले, तर कोणाला २५४ लागतील असा हिशेब निघाला. जेवणाबरोबर ग्लासभर पाणी पिण्यासारखी सोपी गोष्ट लवकर अंगवळणी पडली, व्यायामाला वेळ लागला.

म्हणजे पाडव्यापर्यंत बहुतेकांचं काम झालेलं असेल किंवा होत आलेलं असेल. शिवाय दुसरा फायदा आहे. नवीन सुरुवातीच्या दिवशी माणसाला हुरूप येतो, हे अमेरिकेतल्या हेंगचेन दाय, कॅथरीन मिल्कमन आणि जेसन रिस यांनी २०१४ मध्ये दाखवलं. नवं वर्ष, नवा महिना, नवा आठवडा, वाढदिवस, यांच्यानंतर लगेच लोक व्यायामशाळेत जास्त जातात. आपल्याकडे तर अशा दिवसांची चैन आहे. १ जानेवारी आहे, पाडवा आहे, अक्षय्य तृतीया, दसरा, बलिप्रतिपदा आहे, वर १ एप्रिल आणि शाळेचा जून. एका तारखेवर वर्षाचा भार टाकायची आपल्याला गरजच नाही.

३. संकल्प लिहायचा कसा

घरी सत्यनारायण झाला असेल तर आठवा. गुरुजी पूजा सुरू करण्याआधी संकल्प सांगतात. शालिवाहन शक कोणता, संवत्सराचं नाव काय, अयन, ऋतू, मास, पक्ष, तिथी, वार कोणता, हे सगळं त्यात येतं. मग जागा : दंडकारण्य देश, गोदावरीचा दक्षिण तीर की उत्तर तीर. मग करणाऱ्याचं गोत्र आणि नाव. मग कशासाठी आणि नेमकं काय करणार. आणि ‘करिष्ये’ म्हणून तळहातावरचं पाणी ताम्हनात सोडायचं. कधी, कुठे, कोण, काय, एवढी माहिती दिल्याशिवाय पूजा पुढे सरकत नाही.

जर्मन मानसशास्त्रज्ञ पीटर गोल्वित्झर यांनी १९९९ मध्ये एका गाजलेल्या निबंधात जवळपास हेच मांडलं. नुसता ‘मी करीन’ हा हेतू दुबळा असतो, ‘अमुक वेळ आली की, अमुक ठिकाणी, मी अमुक करीन’ असं ठरवलं की तो बळकट होतो. २००२ साली प्रसिद्ध झालेल्या एका ब्रिटिश प्रयोगात काही विद्यार्थ्यांना आठवड्यातून एकदा किमान २० मिनिटं व्यायाम कोणत्या दिवशी, किती वाजता आणि कुठे करणार हे लिहायला सांगितलं. त्यांच्यातल्या ९१ टक्क्यांनी व्यायाम केला. व्यायामाचे फायदे वाचायला दिलेल्या, पण दिवस-वेळ न लिहिलेल्या गटात हे प्रमाण चाळीस टक्क्यांच्याही खाली राहिलं. प्रेरणादायी व्हिडिओ बघणाऱ्यांनी या आकड्याकडे जरा थांबून बघावं.

तर कोरा कागद घ्या आणि या क्रमाने लिहा : कधीपासून कधीपर्यंत, रोजच्या कोणत्या कामानंतर, कोणत्या जागी, काय आणि किती, आणि जमलं नाही तर किमान काय.

डोंबिवलीहून रोज लोकलने जाणारी मुलगी असं लिहील : ‘१ जानेवारी ते पाडवा. सोमवार ते शुक्रवार, ठाणे गेलं की पुस्तक बाहेर काढीन आणि दादरपर्यंत वाचीन. उभं राहायला लागलं तर ऑडिओ ऐकीन. गर्दीत तेही जमलं नाही तर रात्री अंथरुणात दोन पानं.’ नुकतेच निवृत्त झालेले गृहस्थ लिहितील : ‘सकाळचा चहा झाला की चपला घालून खाली उतरीन आणि सोसायटीभोवती २५ मिनिटं चालीन. पाऊल दुखत असेल तर फक्त गेटपर्यंत जाऊन येईन.’

घड्याळाच्या वेळेपेक्षा ‘चहा झाला की’, ‘ठाणे गेलं की’ हे जास्त चांगलं चालतं. घड्याळ बघायला विसरतो, चहा विसरत नाही.

‘किमान’ची ओळ गाळू नका. पूजेच्या संकल्पातही ‘यथाज्ञानेन, यथामिलितोपचारद्रव्यैः’ असं म्हणतात, म्हणजे जसं येतं तसं आणि जे सामान मिळालं त्यात करतो. फुलं मिळाली नाहीत म्हणून कोणी पूजा रद्द करत नाही, अक्षता वाहतो. किमान इतकं छोटं ठेवा की टाळायला लाज वाटावी.

एक गोष्ट तपासून घ्या. लिहिलंय ते तुमच्या हातातलं आहे का? ‘पाच किलो कमी करीन’ हे हातातलं नाही, वजनकाटा आपलं ऐकत नाही. ‘रात्रीच्या जेवणानंतर काही खाणार नाही’ हे हातातलं आहे.

४. आधी कांदेनवमी

आषाढ शुद्ध नवमीला, एकादशीच्या दोन दिवस आधी, कांदा वर्ज्य करणाऱ्या घरांतून भजी, थालीपीठं, झुणका असा कांद्याचा सपाटा लावतात आणि टोपली रिकामी करतात. मोह समोर ठेवून निग्रह करण्याच्या फंदात आपले लोक पडले नाहीत.

३१ डिसेंबरला तुम्हीही टोपली रिकामी करा. फरसाणाचं पाकीट संपवा किंवा वाटून टाका. फोन लांब ठेवायचा असेल तर चार्जर बेडरूममधून हॉलमध्ये हलवा आणि उठण्यासाठी साधं गजराचं घड्याळ घ्या. सकाळी चालायचं असेल तर बूट-मोजे दाराजवळ काढून ठेवा. वाचायचं असेल तर पुस्तक पिशवीत आत्ताच टाका.

खरेदी मात्र नको. नवे बूट, मनगटी घड्याळ, योगाची चटई घेतली की अर्धा संकल्प पार पडल्यासारखं वाटतं. व्यायामशाळेची वर्षाची वर्गणी ‘जानेवारी ऑफर’ म्हणून गळ्यात मारतात, ती तर भरूच नका. महिन्याचे पैसे भरा, महाग पडले तरी. अशा जागांचं गणित येऊन गायब होणाऱ्यांवर चालतं.

५. कॅलेंडर उघडा, वाटेत काय काय आहे बघा

याला अर्धा तास द्या. जानेवारी ते पाडवा हा काळ महाराष्ट्रात साधासुधा नसतो.

संक्रांत १४ तारखेच्या आसपास येते. तिळगूळ, गुळाची पोळी, मग रथसप्तमीपर्यंत हळदीकुंकवांची रांग. गोड कमी करायचं ठरवलंय आणि समोरची बाई हातावर लाडू ठेवून ‘गोड गोड बोला’ म्हणतेय, तिथे तत्त्वं सांगत बसू नये. आधीच लिहून ठेवा : संक्रांतीच्या दिवशी मोकळीक, नंतरच्या हळदीकुंकवांना एकच वडी, ती घरी आणून. याच दिवसांत हुरडा पार्ट्या, लग्नाची आमंत्रणं, शाळांची स्नेहसंमेलनं. महाशिवरात्रीला उपवास असतो असं म्हणतात, पण साबुदाण्याची खिचडी, बटाट्याचा कीस आणि वेफर्स यांचा तो दिवस, हे आपण सगळे जाणतो. फाल्गुनी पौर्णिमेला पुरणपोळी. सण सोडायचे नाहीत, संकल्पात त्यांची नावं घालायची. नाव घातलेला अपवाद नियमातच मोडतो. न घातलेला अपवाद दुसऱ्या दिवशी ‘आता मोडलंच आहे तर’ म्हणायला लावतो.

खाण्यापलीकडेही अडथळे आहेत. नाशिक, निफाड, पुण्याकडे जानेवारीत पहाटे पांघरुणाबाहेर पाय काढवत नाही, तर तिथे पहाटे पाचचं चालणं ठरवणं हा स्वतःशीच वैर धरण्याचा प्रकार आहे. मुंबईत याच दिवसांत सकाळी धुरकट हवा असते, दम्याचा त्रास असणाऱ्यांनी ऊन वर आल्यावर किंवा घरातल्या घरात काय करता येईल ते बघावं. घरात दहावी-बारावी असेल तर फेब्रुवारी-मार्च तुमचा नाही. बँकेत, हिशेबनिसाकडे, सरकारी कार्यालयात नोकरी असेल तर मार्च तुमचा नाही. अशा आठवड्यांवर आत्ताच पेन्सिलने ‘किमान’ लिहून ठेवा.

६. खाडे लिहा

नोंद ठेवायला अ‍ॅप शोधू नका, फोन हातात घेतला की दुसरंच काहीतरी उघडतं. दुधाचा हिशेब जसा ठेवतो तसा ठेवा. भिंतीवरच्या कॅलेंडरवर दूध आलं ते कोणी लिहीत नाही, खाडा झाला तर तेवढा चौकोन रंगतो. तुम्हीही फक्त खाडा लिहा. महिनाअखेरीस चौकोन मोजायचे, बस्स. किमान केलेला दिवस खाडा नाही.

नियम एकच : सलग दोन खाडे नाहीत. लॅलींच्या अभ्यासात एखादा दिवस चुकल्याने सवय लागण्यात मोठा फरक पडला नाही, त्यामुळे एका खाड्याचं दुःख करू नका. दुसऱ्या दिवशी मात्र निदान गेटपर्यंत जाऊन या. आणि खाडा भरून काढायला दुप्पट चालू नका. गुडघे धरतात आणि तिसऱ्या दिवशी पुन्हा खाडा.

महिन्यात आठ-दहा खाडे दिसले तर स्वतःला शिव्या न देता कागद बाहेर काढा. बहुतेक वेळा ‘कधी’ची ओळ चुकलेली असते. सकाळचं चालणं जमत नसेल तर ते रात्रीच्या जेवणानंतर हलवा. जागतिक आरोग्य संघटना प्रौढांना आठवड्याला किमान १५० मिनिटं मध्यम व्यायाम सांगते, तो पहाटेच करा असं कुठेही म्हणत नाही.

७. एक उदाहरण पूर्ण करून बघू : चहातली साखर

हे मुद्दाम घेतलं, कारण दिसायला किरकोळ आणि करायला किचकट आहे. सपाट भरलेल्या छोट्या चमच्यात साधारण ४ ग्रॅम साखर मावते. दिवसाला तीन कप, प्रत्येकी दोन चमचे, म्हणजे २४ ग्रॅम. वरून घातलेल्या साखरेतून दिवसाच्या ऊर्जेच्या दहा टक्क्यांहून कमी ऊर्जा यावी, पाच टक्क्यांच्या आत आली तर आणखी चांगलं, असं जागतिक आरोग्य संघटना म्हणते. पाच टक्के म्हणजे प्रौढ माणसाला अंदाजे २५ ग्रॅम. बिस्किट न खाता, चहातच कोटा संपला.

पहिली अडचण : आपल्याकडे साखर आधणातच पडते, सगळ्यांची एकत्र. म्हणून पहिलं पाऊल साखर कमी करणं हे नाही, साखर कपात वेगळी घालणं हे आहे. यासाठी चहा करणाऱ्या व्यक्तीशी बोलावं लागेल, आणि ती व्यक्ती तुम्ही स्वतः नसाल तर जरा नम्रपणे. मग पहिले तीन आठवडे दीड चमचा, पुढचे तीन एक, आणि तिथून पाडव्यापर्यंत अर्धा. एकदम फिका चहा तोंडात धरवत नाही, टप्प्याने गेलं की जिभेला बदल फारसा जाणवत नाही.

ऑफिसच्या यंत्रातल्या चहाच्या पावडरीत साखर बहुधा मिसळलेलीच असते, बिनसाखरेचं बटण आहे का बघा. टपरीवर ‘साखर कमी’ म्हणून उपयोग नाही, पातेलं उकळून तयार असतं. तिथे फुल ऐवजी कटिंग. गुळाचा चहा ही पळवाट आहे, गूळही साखरच. मधुमेहाची गोळी किंवा इन्सुलिन चालू असेल तर खाण्यापिण्यात असा बदल डॉक्टरांना विचारून करा.

८. कोणाला सांगायचं

एकाच माणसाला. स्टेटसला टाकलं की शंभर अंगठे मिळतात आणि करायच्या आधीच केल्याचं समाधान. जो माणूस रविवारी ‘किती खाडे?’ एवढंच विचारेल आणि उत्तरावर भाषण देणार नाही, असा शोधा. बहीण चालेल, जुना मित्र चालेल. घरातली लहान मुलं यात फार कडक असतात, झेपत असेल तर त्यांना नेमा.

९. उद्यापन

सोळा सोमवारांचं सतराव्या सोमवारी उद्यापन होतं, जोडपं जेवायला घालतात, नेम मोकळा होतो. तुमच्या संकल्पाचंही पाडव्याला होऊ दे. काय करणार हे जानेवारीतच ठरवा, म्हणजे वाट बघायला काहीतरी राहील. वाचनाचा नेम असेल तर एक पुस्तक घेऊन कोणाला तरी भेट द्या, चालण्याचा असेल तर घरच्यांना घेऊन एखाद्या गडावर जा. साखरेचा असेल तर श्रीखंड आहेच, खा.

त्या दिवशी कागद पुन्हा काढा. सवय आपोआप होत असेल तर ती यादीतून खोडा आणि तिसऱ्या ढिगातली पुढची गोष्ट अक्षय्य तृतीयेपासून किंवा जूनपासून घ्या. अजून ढकलावं लागत असेल तर तीच आषाढी एकादशीपर्यंत वाढवा. नकोशी झाली असेल तर सोडून द्या, मुदत संपलेली आहे, मोडला असं होत नाही.

हे सगळं वाचेपर्यंत जानेवारी निम्मा उलटला असेल तर १ तारखेची हळहळ करू नका. रथसप्तमी किंवा १ फेब्रुवारी, जी आधी येईल ती गाठा, नाहीतर येणारा सोमवार. शेवट पाडव्यालाच ठेवा, फक्त संकल्प त्या मानाने छोटा घ्या. आणि मार्चच उजाडला असेल तर आता पहिल्या ढिगातले दोन शनिवार उरकून घ्या आणि पाडव्यालाच सुरुवात करा, आषाढी एकादशीपर्यंत.